चारशे बारा कळ्या

—अहो नाही नाही, उठू नका, त्या खुर्चीचा एक पाय तसाच आहे, डुगडुगतो पण मोडत नाही, आमच्या घरातल्या माणसांसारखा. बसा निवांत, काकू. बाबा पंप दुरुस्तीला घेऊन गेलाय, येईल तासाभरात—हो, 'गेलाय', बरोबर ऐकलंत, पाठीमागे मी त्याला अरेतुरेच करते. तोंडावर? तोंडावर बोलतंय कोण. दोन वर्षं होतील आता. टेबलावर चिठ्ठ्या ठेवतो आम्ही एकमेकांना—'तागाची पोती संपली', 'मागचं दार लागत नाही', 'जेवण झाकून ठेवलंय'—छान चाललंय दोघांचं. भांडण म्हणून नाही. चिठ्ठीत आवाज चढवता येत नाही ना. शेगडीजवळ सरका थोड्या, हात बघा कसे निळे पडलेत. आणि ती बॅग मांडीवरून खाली ठेवा, कोणी नेत नाही, या दिवसांत इथे असतंय काय—क्रेट, माती आणि मी. फुलाबद्दल आलात म्हणालात ना? मग माझ्याशीच बोला. म्हणजे—ऐका. त्या फुलाबद्दल बाबाला जेवढं कळतं तेवढं त्याच्या पंपालाही कळत असेल. वर्तमानपत्रातल्या ना तुम्ही? नाही? बरं, कुठल्याही असा, मला फरक पडत नाही, फक्त मधे बोलू नका. मधे कोणी बोललं की माझं सगळं घसरतं आणि मग जे सांगायचं नाही तेच सांगून बसते.

त्या खिडकीतून बघा. पुसा ना काच, बाहीनेच पुसा, सगळे तसंच करतात. काय दिसलं? काही नाही. काळी माती, चार खुंट्या, मधे सुतळी. तो चौथा वाफा. त्याच्या खाली वीतभर खोल ट्यूलिपचे चारशे बारा कंद आहेत, सगळे एकाच जातीचे, जगात दुसरीकडे कुठे नसलेल्या, आणि मी रोज सकाळी दात घासायच्या आधी तिथे जाऊन उभी राहते. लोकांना थंडी जायला हवी असते ती गुडघे दुखतात म्हणून, कपडे वाळत नाहीत म्हणून. मला वसंत हवाय. कसा हवाय सांगू? परीक्षेच्या निकालासारखा हवाय—पेपर दुसऱ्याचा, आणि तो नापास होणार हे मला आधीच ठाऊक. इतकी वाट मी लहानपणी वाढदिवसाचीही बघितली नव्हती. काल मातीला एक भेग दिसली तर माझं काळीज असं उडालं—उंदराचं बीळ निघालं. हसा, हसा. मीही हसले. एकटीच.

फूल आईचं आहे. लिहून घेणार असाल तर एवढंच घ्या आणि जा. मी चार वर्षांची होते, माझ्या रंगपेटीतला बारीक ब्रश तिने पळवला—मी रडले होते त्या ब्रशासाठी—आणि त्या ब्रशाने या फुलातले परागकण उचलून त्या फुलात लावायला लागली. कुठल्याचं कुठल्याला लावलं ते कळावं म्हणून देठाला दोरा. लाल, पिवळा, निळा, शिवणाच्या डब्यातले सगळे दोरे वाफ्यावर. माझ्या फ्रॉकचं बटण तुटलं तर शिवायला दोरा नसायचा घरात. मग बी धरायचं, पेरायचं, आणि बसायचं. तुम्हाला ठाऊक आहे, ट्यूलिपच्या बीपासून पहिलं फूल यायला किती वर्षं जातात? सहा. सात. पहिली काही वर्षं नुसतं गवताच्या पात्यासारखं एक पान येतं, माना टाकतं, जातं. आणि सात वर्षांनी फुलतं तेव्हा शंभरातली नव्याण्णव टाकाऊ निघतात. टाकाऊ हा बाबाचा शब्द. आई काही टाकायची नाही. मोरीच्या मागे भिंतीलगत लावायची एकेक, आणि नाव ठेवायची. एक होती 'धाकटी जाऊ'—दिसायला अशी की नजर हटू नये, आणि दोन दिवसांत पाकळ्या टाकून मोकळी, कामाच्या वेळेला गायब. एक 'मामंजी'—मान ही एवढी जाड, वारा आला तर मोडेल पण वाकणार नाही. 'विहीणबाई' शेजारच्या दोघींच्या अंगावर रेलून. बाबाच्या बहिणी आल्या की आम्ही त्यांना मुद्दाम मोरीमागे न्यायचो फुलं दाखवायला, त्या म्हणायच्या, अगंबाई किती गोड, हिचं नाव काय गं? आणि आई पदराने तोंड झाकून—खोकायची. खोकल्याचं नाटक तेव्हाचं. आणि एक फिकट होतं, कडेला हिरवट, ओलसर दिसायचं कायम, त्याचं नाव 'शेंबडी'. ती मी. ज्या दिवशी त्याचा दोरा बांधला त्या दिवशी मी तापाने तिच्या पाठीला चिकटून होते म्हणे, ती वाफ्यात वाकलेली आणि मी पाठीवर, पोत्यासारखी. अजून 'शेंबडी' फुलली की मला बामाचा वास येतो. फुलाला वास नाही हो. ट्यूलिपला बहुतेकदा वास नसतोच. मला येतो.

त्या नव्याण्णवातून एक निघालं ते हे. मी अकरा वर्षांची होते. पांढरं, पण दुधासारखं नाही—धुऊन धुऊन विरलेल्या चादरीसारखं पांढरं, आणि बुडाशी जांभळट शाई सांडलेली, तिचा एक ओघळ प्रत्येक पाकळीवर वर चढलेला. आणि उशिरा. सगळ्या वाफ्यांतली फुलं गळून गेली, बघायला येणारे बघून गेले, की मग हे सावकाश उघडणार. आईला जेवायला हाक मारा, दवाखान्यात जायला हाक मारा, ती त्या वाफ्यातून एकच सांगायची—थांब जरा. तेच नाव पडलं त्याला. थांबजरा. एका कंदाचे वर्षाला दोन होतात, कधी तीन, कधी एकही नाही. एकाचे चारशे व्हायला किती वेळ लागला असेल तो तुम्हीच लावा हिशेब. प्रत्येक वर्षाची वही आहे. माझ्या शाळेच्या अर्ध्या उरलेल्या वह्या—पुढून माझी गणितं, मागून तिची फुलं. गणितांपेक्षा फुलं बरोबर आहेत.

बाबा काय करत होता या सगळ्यात? विकत होता. लाल, पिवळी, पेटीत भरून, जशी सगळे विकतात. वाईट करत नव्हता, घर त्यावरच चाललं. पण पाहुण्यांना सांगायचा, 'हिचा छंद आहे'. छंद! ती पहाटे पाचला गुडघे टेकून चिखलात, आणि हा छंद. मग ती आजारी पडली. छाती. थंडीचे दिवस, हेच, असेच. तिला वाफ्याकडच्या खिडकीशी पलंग हवा होता. बाबाने काय केलं, खिडकीच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, खळ लावून, वारा लागेल म्हणून, आणि पलंग नेला आतल्या खोलीत, जिथून भिंत दिसते. डॉक्टरने सांगितलं म्हणे. ती रोज सकाळी विचारायची, कोंब दिसले का? आणि तो दारात उभा राहून सांगायचा, अजून नाही, तू झोप. अहो, दिसले होते! मी बघितले होते, बोटाच्या पेराएवढे, तांबूस, पूर्ण ओळ. मी सांगायला गेले तर माझा दंड धरून बाहेर काढलं त्याने—तिला कळलं तर उठेल ती, बाहेर जाईल, मरेल. बरं. नाही उठली. नाही गेली बाहेर. मेली नाही का? मेली. फूल उघडायच्या एकोणीस दिवस आधी मेली, भिंतीकडे बघत, या वर्षी आपलं काही उगवलंच नाही असं समजून.

आणि विसाव्या दिवशी लोक आले बघायला. पंचवीस-तीस माणसं, एक फोटोवाला. तो फोटो बघा, त्या खिळ्यावर, कात्रीच्या शेजारी. ज्याचा गुडघा पंधरा वर्षांत आईला हात द्यायला वाकला नाही तो माणूस कसा मांडी घालून बसलाय वाफ्यात, देठाला दोन बोटं लावून. 'पंधरा वर्षांची मेहनत आहे ही.' असं म्हणाला. मी मागे उभी होते. 'माझी' म्हणाला का? नाही. खोटं कशाला सांगू, नाही म्हणाला. 'तिची' म्हणाला का? तेही नाही. मेहनत अशी मधेच ठेवून दिली, ज्याला हवी त्याने उचलावी, आणि छापणाऱ्याने उचलून त्याच्या पदरात घातली. दुसऱ्या दिवशी छापून आलं तेव्हा दुरुस्त करायला गेला का? कात्रण कापलं. चौकट केली. त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. ठरवलं वगैरे नाही. सकाळी तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही, मग म्हटलं राहू दे.

कॉलेज? तेही ऐका, आता निघालंच आहे तर. बागकामाच्या कॉलेजात होते मी, पहिल्या वर्षाला. विभागप्रमुख सर म्हणजे बाबाचा जुना मित्र, घरी येऊन जाऊन असलेला, आईच्या हातचा चहा पिऊन 'वहिनी, साखर कमी' सांगणारा. त्याने एक दिवस वर्गात पडद्यावर आमचं फूल दाखवलं. आमचं. आणि म्हणाला, बघा, चिकाटी म्हणजे काय, माझ्या मित्राने हे केलं. मी उठले. म्हटलं, सर, हे माझ्या आईने केलंय. वर्ग वळून बघायला लागला. सर असा हसला, मायेने, डोक्यावर हात ठेवल्यासारखा—म्हणाला, बाळ, घरातल्या बायका पाणी घालतात, ते वेगळं. जात तयार करणं वेगळं. सगळे हसले. मुलीही हसल्या, त्या जास्त हसल्या. मी पिशवी उचलली आणि निघाले, परत गेले नाही. बाबाने चिठ्ठी ठेवली, 'फी भरलेली आहे'. एवढंच. का सोडलंस नाही, काय झालं नाही. मी खाली लिहिलं, 'मग तू जा'.

पण एक शिकले तिथे. तेवढ्या दिवसांत एकच कामाची गोष्ट, पण ती अशी की बाकीची वर्षं करायची गरजच उरली नाही—

काही नाही. चहा घेणार? दूध नाहीये, कोरा.

नाही हो, काही नाही म्हटलं ना. तुम्ही अशा का बघताय? तुम्ही काय विचारलंत—यंदा फूल कसं येईल? यंदा, काकू, फूल येणार नाही. घ्या. बोलले. या वर्षी त्या चौथ्या वाफ्यात पानं येतील, झकास, हिरवीगार, बाबा बघून खूश होईल, मान वर करून बोलावणी पाठवेल, मोठे लोक येतील, कॅमेरे येतील, सर येतील साखर कमीवाले—आणि पानांच्या मधे कळीच्या जागी एक कागदासारखी वाळकी चिमूट असेल. चारशे बारा चिमटी. एकही उघडणार नाही. मग बसू दे त्याला मांडी घालून. मग लावू दे देठाला बोटं. मी समोर उभी राहणार आहे, पहिल्या रांगेत, आईची साडी नेसून, आणि विचारणार आहे, कोणाची मेहनत म्हणालास? दोन वर्षांनी पहिला शब्द बोलणार आहे त्याच्याशी, आणि तो हा. रोज रात्री झोपताना म्हणून बघते, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा.

कशाने म्हणजे? सफरचंदांनी. अहो, साधी सफरचंदं, फळवाला टाकून देतो ती, पिकून मऊ पडलेली. त्यांतून एक वायू सुटतो, दिसत नाही, आणि कंदाच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी असते ना—असते, आधीच असते, तांदळाच्या दाण्याएवढी, कापून बघितलं तर दिसते—ती त्या वायूने आतल्या आत करपते. कंद वरून ठणठणीत. लावणीच्या आधी तीन आठवडे कंद त्या मागच्या खोलीत फळ्यांवर असतात, दार बंद. मी सगळ्यांत खालच्या क्रेटमध्ये सफरचंदं भरली, वर पोतं टाकलं, दर चार दिवसांनी बदलली. सरांनीच शिकवलं होतं, आठवं प्रकरण, 'साठवणुकीतील चुका'. बाबाला ठाऊक नाही. उभा जन्म कंदांत गेला आणि ठाऊक नाही, कारण आमच्या घरात फळं कधी उरलीच नाहीत इतकी. वास आला त्याला. दारापर्यंत यायचा तो, तापमान बघायला, आत धुळीने खोकला येतो म्हणून आत नाही. चिठ्ठी ठेवली—'खोलीत सफरचंदाचा वास येतो. खातेस वाटतं. बरं आहे. खात जा.' आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर चार सफरचंदं, चांगली, लाल, पुसलेली.

तीही खोलीत ठेवली मी. काय करणार होते? खाणार होते?

आणि असं बघू नका माझ्याकडे, आईच्या फुलाला मी मारीन का? कंद मरत नाही. तेवढी अक्कल आहे मला. एक वर्ष कळी जाते, पुढच्या वर्षी पुन्हा तोच कंद फुलतो. आईचं काही जात नाही. जातो तो त्याचा एक दिवस. एक वसंत फक्त. तिचा एक वसंत त्याने बुडवला, त्याचा एक मी. फिटंफाट. यात मधे तुम्हाला डोळे मोठे करायला काय झालं—

हं? बोला. बोला, आता बोला, मी नाही अडवत. काय काढताय बॅगेतून? फाइल?

नोंदणी... कुठल्या नोंदणी कचेरीच्या? फुलांच्या जातींच्या. म्हणजे तुम्ही—अहो मग हे आल्या आल्या सांगायचं नाही का? मी बोलू दिलं नाही. हो. बरोबर. पण तरी. मॅडम, तुम्ही एवढ्या मोठ्या बाई, टेबलावर हात आपटून सांगायचं, गप बस पोरी, मी अमुक आहे. सांगत होतात. बरं.

हो, तो नियम ठाऊक आहे मला. नवीन जात नोंदवायची तर ओळीने तीन वसंत एकसारखं फूल दाखवावं लागतं. हे तिसरं आहे, तेही ठाऊक आहे. म्हणूनच तर. त्याच्या नावावर लागू नये म्हणूनच—

कोणाच्या?

वाचते ना. द्या इकडे. माझे हात स्वच्छ आहेत... हे आईचं नाव आहे. 'जात तयार करणाऱ्याचे नाव'—आईचं. माहेरचंही लिहिलंय कंसात. ते त्याला आठवत होतं? 'वारस म्हणून अर्ज करणार'—हा बाबा. ही त्याची सही, अशीच करतो तो, शेवटचं अक्षर अर्धवट. तारीख काय आहे ही? हा फोटोच्या आठवड्यातला दिवस आहे. मॅडम, हा फोटो लागला त्याच आठवड्यातला. म्हणजे इकडे चौकट करून घेतली आणि तिकडे जाऊन—हे त्याने मला सांगितलं का नाही? दुसऱ्या वारसाची सही—इथे माझं नाव आहे आणि पुढे रिकामं. चिठ्ठी होती. एक चिठ्ठी होती मागच्या वर्षी, 'एका कागदावर तुझी सही लागेल, आईचं आहे, जरा बोलू.' मी मागच्या बाजूला लिहिलं, 'मेलेल्यांना कागद लागत नाहीत', आणि परत ठेवली. मला वाटलं बँकेचं असेल.

नाही, पाणी नको मला.

आणि समजा केलं त्याने. समजा तिचं नाव लावलं. लगेच काय देव झाला? मला तर वाटतं मेलेल्या बाईचं नाव लावलं की फूल जास्त चालतं, लोक हळहळून घेतात, त्याला विकण्यातलं बरोबर कळतं. असं नसेल? नसेलही. तुम्हाला काय माहीत. मलाही माहीत नाही, हाच तर राग आहे, त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नसतं आणि तो मेल्यावरही असंच कोणीतरी बॅग घेऊन येईल आणि या खुर्चीत बसून मला सांगेल. एक वर्ष पुढे जाईल एवढंच ना? या वर्षी फूल नाही, मग पुढच्या वर्षीपासून पुन्हा तीन वसंत मोजायचे, थांबू, आम्हाला सवय आहे थांबायची—

दुसरा अर्ज? याच फुलासाठी दुसरा अर्ज कोणाचा असेल, फूल तर फक्त आमच्या—

नाही.

नाही, सांगू नका. सरांचा.

वीस कंद. मॅडम, ते वीस कंद मी नेऊन दिले होते. पहिल्या वर्षी, कॉलेज सुरू झालं तेव्हा. बाबाने पिशवीत भरून दिले, अभ्यासाला हवेत म्हणाला सर, आणि मी ओल्या तागात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन गेले, लहान मुलासारखे. 'वहिनींची आठवण' असं म्हणाला तो घेताना. डोळे ओले करून म्हणाला! आणि त्याच शरद ऋतूत वर्गात—मित्राने केलं म्हणाला, आणि कागदावर स्वतः केलं म्हणतो? आणि त्याचाही एक वसंत भरला. आणि त्याचे वीस यंदा फुलणार, चांगले फुलणार, त्याने काय, त्याने आठवं प्रकरण शिकवलंय, त्याच्या खोलीत सफरचंद कशाला येईल. आणि आमचं फुललं नाही की आमचा अर्ज बाद. एकच उरला. थांबजरा त्याच्या नावाने. पाणी घालणारीच्या—

मॅडम, एकही बाहेर नाही. तुम्ही तेच विचारणार ना, एखादा क्रेट बाहेर राहिला असेल? नाही राहिला. सगळे मी आत ठेवले, मोजून, दोनदा मोजून. मी काम नीट करते. आईसारखी.

मी त्याला ठेचायला निघाले होते. बाबाला. आणि सरळ जाऊन त्या हरामखोराच्या हातात—वहिनी साखर कमी—मी माझ्या हाताने, आधी वीस कंद, मग हे—

काय? काय म्हणालात, पुन्हा सांगा. हळू सांगा. नुकसान झालं असेल तर ते कळी दिसायच्या आधी कळवायचं. लेखी. मग ते वर्ष धरत नाहीत. त्याचंही? दोन्ही अर्ज थांबतात. पुढच्या वसंतापर्यंत. आणि तेवढ्यात वह्या दाखवता येतील, मागून फुलं असलेल्या—दाखवायच्या राहिल्या आहेत का त्या अजून? का नाही दाखवल्या त्याने? माझ्या खोलीत आहेत म्हणून. माझ्या पलंगाखाली, कुलपात. बरोबर. किल्ली मागायला बोलावं लागलं असतं.

द्या तो कागद. पेन आहे, हे आहे, पाट्यांवर लिहायचं, पुसत नाही याचं. 'नुकसानाचे कारण.' आणि पुढे दीड ओळ? एवढ्यात मावायचं सगळं? अपघात म्हणून नाही लिहिणार मी. मुद्दाम केलंय, मुद्दाम लिहिणार. चालतं? कोणी का केलं ते तुमचं काम नाही, बरं झालं, तुमचं तरी नाही. 'लावणीपूर्वी तीन आठवडे कंदांच्या खोलीत मी पिकलेली सफरचंदं ठेवली.' हे झालं. 'जाणूनबुजून.' नाव. सही. माझी सहीपण शेवटी अर्धवट राहते, बघा, आत्ता लक्षात आलं. आणि दुसऱ्या वारसाचा तो रिकामा चौकोन, तोही द्या, भरते.

आणि ही खाली? अर्जदाराची. म्हणजे त्याने हे वाचून सही करायची. तुमच्यासमोर? आजच? टेबलावर ठेवून मी मागच्या दाराने गेले तर? मी इथे असायला हवं. कारण त्याने विचारलं की हे खरं आहे का, तर उत्तर द्यायला माणूस हवा. तोंडाने.

चार महिने मी एक वाक्य घोकत होते, मॅडम. चार महिने. ते गेलं आता. त्या जागी काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नाही, ते कुठल्याच प्रकरणात नव्हतं. माफी मागणार नाही मी, एवढं नक्की. ती खिडकी, ती भिंत—ते तसंच आहे, ते कुठल्याही कागदाने बदलत नाही. त्याला जे ऐकायचंय ते ऐकेल, आणि मग मला जे ऐकायचंय ते तो सांगेल. आणि सरांचं—सरांचं नंतर बघते मी. त्यांना वेळ आहे. वर्षभर आहे.

आला. गाडी आली त्याची. आता पंप उतरवेल, मग पायरीवर बूट घासेल, डावा, उजवा, पुन्हा डावा. उठा, मॅडम. उठा ना. बाहेर थांबा, त्या क्रेटच्या आडोशाला, वारा कमी लागतो तिथे. थंडी आहे, मला माहीत आहे थंडी आहे, कोट घाला, हा तुमचा मफलर. कागद इथेच राहू द्या, सहीच्या वेळी हाक मारते, तेव्हा आत या. नाही, तुम्ही समजावून सांगू नका त्याला, मीच सांगते. इतकं सगळं ऐकलंत ते खूप झालं, पुढचं आमच्या घरातलं आहे.

जा म्हटलं ना. आणि दार ओढून घ्या जाताना. जोरात.